'होम अलोन'मधले सापळे शेवटी हरतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९९० साली आलेला 'होम अलोन' हा नाताळचा विनोदी चित्रपट आजही दर डिसेंबरात जगभर पाहिला जातो, ही लोकप्रियता त्याने खरोखर कमावलेली आहे, की लहानपणीच्या आठवणींच्या आधारावर तो तरून गेला आहे? विचारणाऱ्यांनी पुढे असेही लिहिले आहे की चाळिशीत तो पुन्हा पाहताना एक श्रीमंत घर, एक आगाऊ मुलगा आणि दोन चोरांना बसणारा बेदम मार, यापलीकडे फारसे काही त्यांच्या हाती लागले नाही.

मी गेली सव्वीस वर्षे संकलक म्हणून काम करते आहे आणि त्यातली निम्मी वर्षे तरी विनोदी चित्रपट आणि मालिका यांच्यावर गेली आहेत. संकलकाला विनोद हसत हसत पाहता येत नाही. एकच प्रसंग शंभर वेळा पाहिल्यावर हसू केव्हाच ओसरलेले असते आणि तो प्रसंग कशाच्या आधारावर उभा आहे तेवढेच दिसत राहते. त्या नजरेने पाहता माझे उत्तर असे की 'होम अलोन'ला मिळालेली लोकप्रियता त्याला शोभते, मात्र ती कशामुळे मिळाली याविषयीची सर्वसाधारण समजूत चुकीची आहे. लोकांना सापळे आठवतात. चित्रपट उभा आहे तो सापळ्यांच्या आधीच्या तासाभरावर, आणि खुद्द कथेतसुद्धा शेवटी सापळे हरतात, ही गोष्ट बहुतेकांच्या स्मरणातून निसटलेली असते.

कथा सर्वांना माहीत असल्यासारखी असली तरी एकदा सांगते. शिकागोच्या उपनगरातले मॅककॅलिस्टर कुटुंब नाताळासाठी पॅरिसला निघते आणि गडबडीत आठ वर्षांचा केविन घरीच राहतो. आई जिवाच्या आकांताने परत यायची धडपड करते, दोन चोर त्या घरावर टपून बसलेले असतात, आणि केविन घर राखतो. पटकथा आणि निर्मिती जॉन ह्यूज यांची, दिग्दर्शन ख्रिस कोलंबस यांचे, संकलन राजा गॉस्नेल यांचे. खर्चाचा आकडा वाढतो आहे असे दिसताच वॉर्नर ब्रदर्सने या चित्रपटातून अंग काढून घेतले आणि ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने तो उचलला. सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरमध्ये तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे ४७ कोटी ६० लाख डॉलर मिळवले आणि अमेरिकेत तो सलग १२ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. म्हणजे तो नाताळच्या तोंडावर आला आणि नाताळ उलटून गेल्यावरही कित्येक आठवडे चालत राहिला. त्या वेळच्या प्रेक्षकांजवळ या चित्रपटाच्या आठवणी नव्हत्या, त्यामुळे केवळ आठवणींचा हवाला देऊन हे यश समजावता येणार नाही.

आता मूळ मुद्दा. एखाद्या लेखकाला 'आईवडील मुलाला घरी विसरून गेले' ही कल्पना सुचणे सोपे आहे, पण ती पडद्यावर पटवणे महाकठीण आहे. आईवडील बेफिकीर वाटले तर प्रेक्षक त्यांना माफ करणार नाही आणि पुढच्या तासाभरात आईच्या धावपळीबद्दल कुणालाही काही वाटणार नाही. ह्यूज यांनी हा पेच कसा सोडवला ते पाहण्यासारखे आहे. आदल्या रात्री स्वयंपाकघरात पिझ्झावरून भांडण होते, दूध सांडते, आणि ते पुसण्याच्या घाईत केविनचे विमानाचे तिकीट ओल्या कागदी रुमालांबरोबर कचऱ्याच्या डब्यात जाते. हे दृश्य इतक्या धांदलीत येते की पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या ते लक्षातही राहत नाही. केविनला शिक्षा म्हणून माळ्यावर झोपायला पाठवले जाते, म्हणजे तो इतर मुलांपासून वेगळा पडतो. रात्री सोसाट्याच्या वाऱ्याने वीज जाते आणि गजराची घड्याळे बंद पडतात. सकाळी उशीर झालेला असतो, आणि मोजदाद करणारी मुलगी गाडीजवळ घुटमळणाऱ्या शेजारच्या एका चौकस पोराच्या डोक्यावर बोट ठेवून त्यालाच केविन समजते. विमानतळावर एकही तिकीट जास्तीचे उरत नाही, कारण उरले असते ते तिकीट रात्रीच कचऱ्यात गेले आहे. विमानात आईवडील पुढच्या महागड्या वर्गात आणि मुले मागे, म्हणून तिथेही कुणाला पत्ता लागत नाही.

दूध, वारा आणि शेजारचा पोरगा या तिन्हींपैकी एक जरी काढला तरी गोष्ट कोसळते. असा पाया मला विनोदी पटकथांत क्वचितच सापडतो. आपल्याकडे अशी गोष्ट 'योगायोगाने' या एका शब्दावर भागवण्याची सवय आहे. इथे प्रत्येक योगायोगाला कारण आहे, आणि ते कारण घरातल्या माणसांच्या स्वभावातून आलेले आहे.

त्यावर आणखी एक थर आहे, तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या रात्री माळ्याच्या पायऱ्यांवर केविन आईला म्हणतो की मला तुम्हां कुणाचे तोंडही पुन्हा पाहायचे नाही. सकाळी उठून पाहतो तर घर रिकामे. आपल्याला वारा आणि वीज ठाऊक असते, त्याला नसते. त्याची समजूत अशी होते की आपण मनात आणले आणि घरचे सगळे नाहीसे झाले. आधी त्याला आनंद होतो, मग हळूहळू अपराधी वाटू लागते. लहान मुलाच्या मनातला हा जुना धाक आहे: आपण रागाच्या भरात बोललेले खरे झाले तर? चित्रपटातल्या सगळ्या आरडाओरडीखाली हा एक सूर सतत वाजत राहतो, आणि माझ्या मते लहान मुले हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहतात ती या सुरामुळे. मुलांच्या एका कार्यशाळेत मी तो दाखवला होता. सापळ्यांच्या वेळी हशा पिकणार हे उघडच होते. मला नवल वाटले ते वेगळ्याच ठिकाणी: केविन पलंगावर घरच्यांचा फोटो घेऊन बोलतो त्या वेळी खोलीत एकही मूल चुळबुळत नव्हते.

दुसरा अवघड प्रश्न असा की मुलगा आधीच पोलिसांना फोन का करत नाही. प्रौढ प्रेक्षक हा प्रश्न विचारतोच, आणि पटकथेला त्याची आधीच कल्पना आहे. केविन दुकानात दात घासायचा ब्रश घ्यायला जातो, तिथे ज्याची त्याला भीती वाटते तो शेजारचा म्हातारा येतो, घाबरून केविन ब्रश हातात घेऊनच पळतो आणि पोलीस त्याच्या मागे लागतो. झाले, आता त्याच्या लेखी तो स्वतःच गुन्हेगार आहे. त्यातच पहिल्या प्रसंगात चोर हॅरी पोलिसाच्या वेषात घरात येऊन गेलेला आहे. आईने पॅरिसहून केलेल्या विनवणीवरून एक खरा पोलीस दार ठोठावून जातो, पण केविन दडून बसलेला असल्याने 'घरात कुणी नाही' असा निरोप परत जातो. वाऱ्याने टेलिफोनच्या तारा तुटल्याचे आधीच सांगून झालेले असते. दारे अशी एकेक करून बंद केली जातात, आणि बंद होताना त्यांचा आवाज येत नाही.

नाताळाचेही तसेच. सणाच्या चित्रपटांत बहुधा सण ही सजावट असते, दिव्यांच्या माळा काढून घेतल्या तर गोष्ट तीच राहते. इथे सण काढला तर गोष्ट उरत नाही. सण आहे म्हणून एवढा मोठा गोतावळा एका घरात जमला आहे, म्हणूनच गल्लीतली घरे कुलूपबंद आहेत, आणि चोरांनी नेमकी हीच वेळ निवडली आहे. विमाने भरलेली आहेत ती सणामुळेच, त्यामुळे आईला पॅरिसहून डॅलस, तिथून स्क्रँटन आणि पुढे पोल्का या नृत्याचे संगीत वाजवणाऱ्या एका वादकमंडळीच्या भाड्याच्या गाडीतून शिकागो असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. (ही गोष्ट दादरच्या चाळीत घडवून पाहा. दहाव्या मिनिटाला शेजारच्या काकू 'अरे, तू एकटाच कसा?' म्हणत आत येतील आणि चित्रपट तिथेच संपेल. रिकाम्या, लांब लांब घरांचे उपनगर ही या कथेची गरज आहे, केवळ श्रीमंतीचा देखावा नाही.)

केविनच्या भीतीचे चित्रणही नेटके आहे. तळघरातली भट्टी त्याला राक्षसासारखी दिसते, तोंड उघडते, त्याला हाक मारते. ज्युलिओ मकाट यांचा कॅमेरा बऱ्याच वेळा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, रुंद भिंगातून पाहतो, त्यामुळे छत फार वर जाते, मोठी माणसे वाकून अंगावर येतात आणि घर आहे त्याहून अवाढव्य भासते. घराचा बाह्यभाग विनेट्का गावातल्या खऱ्या घराचा आहे, पण आतले बरेचसे चित्रण एका बंद पडलेल्या शाळेच्या व्यायामशाळेत उभारलेल्या सेटवर झाले, आणि शेजाऱ्यांचे पाण्याने भरलेले तळघर त्याच शाळेच्या पोहण्याच्या तलावात उभे केले गेले. सेट असल्यामुळेच कॅमेऱ्याला हवे तेथे बसता आले. पुढे तीच भट्टी पुन्हा हाक मारते तेव्हा कपडे धुवायला आलेला केविन तिला गप्प बसायला सांगतो. तो एका वाक्याचा प्रसंग आहे आणि त्यात मुलगा मोठा झाला आहे.

केविन साकारणाऱ्या मकॉले कल्किनबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. चित्रीकरणाच्या वेळी तो नऊ वर्षांचा होता. ह्यूज यांच्या आधीच्या 'अंकल बक' या चित्रपटात त्याने मोठ्या माणसाची उलटतपासणी घेणाऱ्या मुलाची भूमिका केली होती. बालकलाकारांच्या बाबतीत आमची नेहमीची तक्रार अशी असते की ते भावना 'दाखवतात' आणि मग आम्हाला त्यांचा चेहरा टाळून कापत बसावे लागते. कल्किनचा चेहरा बहुतेक वेळ कोराच असतो, तो विचार करताना दिसतो. कोऱ्या चेहऱ्याला आधीचे आणि नंतरचे दृश्य अर्थ देते, आणि असा चेहरा मिळाला तर संकलकाचे निम्मे काम झाले असे समजावे.

आता सापळे. १०३ मिनिटांच्या या चित्रपटात चोर आत शिरून मार खातात तो भाग पाव भागाहून मोठा नाही आणि तो अखेरीस येतो. तो उत्तम का आहे याचे कारण क्रूरतेत शोधू नये, क्रमात शोधावे. डॅनिएल स्टर्नने साकारलेला दुसरा चोर मार्व्ह तळघराच्या पायऱ्यांवरून वर यायला निघतो. पायऱ्यांना डांबर फासलेले आहे, त्यात त्याचे बूट अडकून राहतात, मग मोजे. पाय अनवाणी झाल्यावरच पुढच्या पायरीवरचा खिळा आपले काम करतो. बूट गेल्यामुळेच, काही वेळाने तो खिडकीतून आत उडी टाकतो तेव्हा खाली पसरलेले काचेचे शोभेचे गोळे त्याच्या तळव्यांखाली येतात. एक वेदना दुसरीची तयारी करून ठेवते. इकडे जो पेशी या नटाने साकारलेला हॅरी बर्फाळ पायऱ्यांवरून घसरतो, तापून लाल झालेली दाराची मूठ धरतो, मागच्या दाराने जातो तर डोक्यावर आगीचा फवारा. दोघे दोन वाटांनी जातात, म्हणून संकलकाला एकाच्या किंकाळीवरून दुसऱ्याकडे जाता येते, आणि पहिल्याला पुढच्या फटक्यासाठी तयार व्हायला तेवढा वेळ मिळतो.

विनोदी मारामारीत प्रेक्षकाला काय ठाऊक असावे आणि काय नसावे, याचे मोजमाप फार सूक्ष्म असते. मुठीची लाल झाक आपल्याला आधी दाखवली जाते आणि मग हॅरीचा हात संथपणे तिकडे जातो. इथे हसू वाट पाहण्यात आहे. इस्त्रीच्या बाबतीत उलटा हिशोब आहे: मार्व्ह दिव्याची दोरी समजून जी ओढतो ती भलत्याच गोष्टीला बांधलेली असते, वरून खाली येणारी इस्त्री आपल्याला दिसते आणि त्याला ती अगदी शेवटच्या क्षणी कळते. रंगाच्या डब्यांच्या वेळी हॅरी वाकून पहिला डबा चुकवतो आणि तो मागच्या मार्व्हला बसतो. हॅरी मोठ्या रुबाबात 'मी बघतो त्याच्याकडे' असे म्हणून वर निघतो आणि दुसरा डबा त्याचा दात घेऊन जातो. सगळे फटके एकाच पद्धतीने दाखवले असते तर तिसऱ्यालाच कंटाळा आला असता. शिवाय हे सारे संगणकाच्या मदतीविना झालेले आहे. पडणारी माणसे खरोखर पडली आहेत, आणि कित्येक ठिकाणी अख्खे पडणे एकाच चौकटीत, मध्ये न कापता ठेवले आहे. कापून पडणे दाखवले की प्रेक्षकाला फसवणूक जाणवते. न कापता दाखवले की तो आधी दचकतो आणि मग हसतो. आज असे प्रसंग कापताना दिग्दर्शक बरेचदा 'अजून वेग वाढवा' म्हणतात, त्या वेळी मी त्यांना मार्व्ह बर्फाळ पायऱ्यांवरून पडतो ते दृश्य दाखवते.

आणि तरीही हे सापळे केविनला वाचवत नाहीत. हे लक्षात घ्यायला हवे. सगळे उपाय संपतात, तो शेजाऱ्यांच्या घरात पळतो, चोर तिथे आधीच पोहोचलेले असतात, त्याला दाराच्या खुंटीवर लटकवतात आणि एकेक बोट चावून तोडण्याची धमकी देतात. त्या क्षणी मुलगा पुरता हरलेला आहे. त्याला वाचवतो तो शेजारचा म्हातारा मार्ली, ज्याच्याविषयी मोठ्या भावाने खुनाच्या वावड्या उठवल्या होत्या आणि ज्याच्या हातातल्या बर्फ उपसायच्या फावड्याची केविनला धडकी भरत असे. तेच फावडे आता चोरांच्या डोक्यात बसते. हे घडते कारण काही तासांपूर्वी चर्चमध्ये, बालगायकांच्या सुरात, दोघे एकाच बाकावर बसून बोललेले असतात: म्हाताऱ्याचा मुलाशी वर्षानुवर्षे अबोला आहे, नातीला पाहायचे तर तो असा चोरून चर्चमध्ये येतो, आणि केविन त्याला सांगतो की भीती वाटत असली तरी फोन करून पाहा. भट्टीच्या भीतीचा दाखलाही तो इथेच देतो. लक्षात घ्या, सापळ्यांची तयारी या संभाषणानंतर सुरू होते. रॉबर्ट्स ब्लॉसम यांनी साकारलेली ही उपकथा दिग्दर्शक कोलंबस यांच्या आग्रहाने पटकथेत आली. ती नसती तर उरला असता तो नुसता हाणामारीचा खेळ, आणि मग प्रश्नकर्त्यांची तक्रार मी मान्य केली असती.

याचा पुरावा पुढच्या चित्रपटांत आहे. १९९२ च्या दुसऱ्या भागात तीच मंडळी, न्यूयॉर्क शहर, मार्लीच्या जागी कबुतरांना दाणे घालणारी बाई, आणि आणखी जबर फटके. त्यात एक खरोखर चलाख क्षण आहे: चोरांना रंगाचे डबे आठवतात, ते दोन्ही वेळा वाकतात, आणि मग तिसऱ्या वेळी येतो तो लोखंडी नळ. पण बाकी सारी आधीच्याची नक्कल आहे आणि ती कळते. १९९७ चा तिसरा भाग ह्यूज यांनीच लिहिला आणि पहिल्याचे संकलक राजा गॉस्नेल यांनी तो दिग्दर्शित केला. सापळ्यांची गणिते ज्या दोन माणसांना जगात सर्वांत चांगली ठाऊक होती, त्यांनीच तो केला. सापळे त्यातही आहेत, आणि पुष्कळ आहेत. तो आज कुणी नाताळात आवर्जून लावत नाही.

संगीताचा वाटाही छोटा नाही. जॉन विल्यम्स आधी ठरलेले नव्हते, ठरलेले संगीतकार दुसऱ्या कामात गुंतल्याने ते आले. त्यांनी विनोदी चित्रपटाला साजेसे खट्याळ संगीत तर दिलेच, पण 'समव्हेअर इन माय मेमरी' या गाण्याची चाल अशी बांधली की आनंदाच्या प्रसंगातही ती थोडी उदास वाटते. ते गाणे आणि चित्रपटाचे पार्श्वसंगीत दोहोंना ऑस्करचे नामांकन मिळाले होते. आवाज बंद करून पाहिले तर शेवटच्या दहा मिनिटांतला ओलावा निम्म्याने कमी होतो, हे मी स्वतः करून पाहिले आहे.

दोष आहेत आणि ते झाकण्यात अर्थ नाही. खिळ्याचा क्षण मला आजही खटकतो. तापलेली मूठ आणि इस्त्री ही कार्टूनमधली वेदना आहे, तळव्यात घुसणारा खिळा ही प्रत्येकाने अनुभवलेली वेदना आहे, आणि तिथे हसू आखडते. माझ्या हातात असते तर मी तो निम्म्यावर आणला असता. घरातली माणसे, विशेषतः काका फ्रँक, इतकी दुष्ट आहेत की आई सोडून इतर कुणाच्या परतण्याने आपल्याला काही वाटत नाही. केविनच्या तोंडी काही वाक्ये अशी आहेत की त्यामागे लेखकच उभा असलेला दिसतो. आईचा प्रवास कागदावर पातळ आहे, तो तरतो कॅथरीन ओ'हारामुळे आणि पोल्का वादकाच्या भूमिकेतल्या जॉन कँडीमुळे, ज्याने आपले सगळे काम एकाच दिवसात उरकले होते. अमेरिकी समीक्षक रॉजर एबर्ट यांनी त्या काळी या चित्रपटाला चारपैकी अडीच तारे दिले आणि कथा अशक्य कोटीतली असल्याचा ठपका ठेवला. घर राखण्याची ती यंत्रणा आठ वर्षांच्या मुलाच्या आवाक्याबाहेरची आहे हे खरेच, पण त्याआधीच्या तासाभराच्या कारणमीमांसेला त्यांनी पुरेसे श्रेय दिले नाही असे मला वाटते.

सवयीचा भाग मी नाकारत नाही. पोलंडमध्ये पोल्सॅट ही वाहिनी दर नाताळात हा चित्रपट दाखवते आणि २०१० साली तो वगळण्याचा विचार बाहेर येताच प्रेक्षकांनी एवढा गदारोळ केला की तो पुन्हा लावावा लागला. तिथे तो आता सणाच्या ताटातला पदार्थ झाला आहे, चवीची चर्चा कुणी करत नाही. आपल्याकडेही नव्वदच्या दशकात केबलवर आणि भाड्याच्या कॅसेटवर तो पाहिलेली पिढी आज आपल्या मुलांना दाखवते. २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याला राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत स्थान दिले, तेव्हा त्या निर्णयामागेही हे सणाचे वजन असणारच. पण सवय लागण्यासाठी दरवर्षी पाहण्याजोगे काहीतरी लागते. गोष्टीचा शेवट पाठ असताना माणूस ती पुन्हा पाहतो, तो तिची घडण पाहण्यासाठी, भले त्याला तसे शब्दांत सांगता येवो न येवो.

प्रश्नकर्त्यांना माझी एक विनंती आहे. पुन्हा पाहाल तेव्हा सापळ्यांकडे दुर्लक्ष करा आणि हॅरीच्या सोन्याच्या दाताचा माग काढा. पोलिसाच्या वेषातला तो घरातून जाताना हसतो आणि दात चमकतो, केविन ते पाहतो. काही दिवसांनी रस्त्यात चोरांची गाडी त्याला धडकता धडकता थांबते, आत बसलेला हॅरी हसतो, पुन्हा तोच दात, आणि मुलाला सारे उमगते. पुढे रंगाच्या डब्याने तो दात निखळतो. चोर पकडले जातात, आणि प्रत्येक लुटलेल्या घरातले नळ उघडे ठेवून जाण्याच्या त्याच्या खोडीने पोलिसांना सगळी घरे आयती सापडतात. घरचे परत येतात. केविन कुणाला काहीही सांगत नाही, फक्त बाजारातून दूध आणल्याचे सांगतो. वडिलांना जमिनीवर सोन्याचा एक दात मिळतो, ते तो उचलून पाहतात आणि बुचकळ्यात पडतात. केविन तोवर खिडकीशी गेलेला आहे, बाहेर मार्ली नातीला उचलून घेतो आहे आणि या मुलाकडे पाहून हात हलवतो आहे, आणि इतक्यात वरून मोठा भाऊ ओरडतो की माझ्या खोलीचे काय करून ठेवलेस.